रंग गेल्यावर उरलेलं पाणी

सोलापुरात पक्क्या रंगाला फार मान आहे. टॉवेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी हातानं पोत बघतं आणि मग हमखास विचारतं, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार ठामपणे सांगतो, जाणार नाही. त्याच्या त्या शब्दामागे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आणि अशोक चौक, भद्रावती पेठेच्या गल्ल्यांमधल्या रंगाऱ्यांची हयात उभी असते. सूत मिठाच्या पाण्यात बुडवायचं, रंग आत शिरू द्यायचा, मग सोडा टाकून पाणी अल्कधर्मी करायचं आणि साठ अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. रिॲक्टिव्ह जातीच्या रंगाचा रेणू त्या वेळात कापसाच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंधानं जोडला जातो. म्हणून तो साबणानं निघत नाही. शिवाय टॉवेल वर्षानुवर्षं गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातला तरी रंग उन्हात फारसा उडत नाही.

पण सगळा रंग कापसाला लागत नाही. सोडा पडल्यावर काही रेणूंची गाठ कापसाऐवजी पाण्याशी पडते आणि जोडून घेण्याची त्यांची ताकद तिथंच संपते. रंग कोणता आणि पद्धत कोणती यावर अवलंबून दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा मोकळा राहतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. त्याचा पक्केपणाही त्याच्याबरोबर बाहेर पडतो. ऊन, साबण, जिवाणू यांना दाद देऊ नये म्हणूनच तो घडवलेला असतो. नाल्यात गेल्यावर तो आपला स्वभाव कशाला बदलेल? माझं काम इथून सुरू होतं. रंगाऱ्यानं उन्हाला जे करू दिलं नाही, तेच मला उन्हाकडून करून घ्यायचं असतं.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि प्रकाशाच्या मदतीनं पाण्यातले रेणू तोडणारे पदार्थ बनवते. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांसारखे अर्धवाहक आणि त्यांच्या कणांवर बसवलेले चांदीचे अगदी बारीक ठिपके, असा हा मामला. आमची गच्ची जुळे सोलापुरात आहे. एका अंगाला विजापूर रोड, पलीकडे संभाजी तलावाच्या बाजूची झाडी आणि चहूकडे पाण्याच्या काळ्या टाक्या मिरवणाऱ्या गच्च्या. जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली की इथलं ऊन कामाला लागतं आणि पाऊस येईपर्यंत थांबत नाही. लख्ख दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट शक्ती पडते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेला एवढी देणगी कुठल्याच अनुदानातून मिळाली नसती.

ही विद्या नावारूपाला आली ती जपानमध्ये. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली अकिरा फुजिशिमा काम करत होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला तर त्याच्या पृष्ठभागावरून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात आणि तारेनं जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन, हे त्यांनी पाहिलं. १९७२ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि उन्हानं पाणी फोडून इंधन मिळवण्याच्या कल्पनेकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं. पाणी साफ करण्याकडे हीच वाट थोडी नंतर वळली. १९७६ मध्ये कॅनडातल्या केरी आणि सहकाऱ्यांनी क्लोरिनयुक्त चिवट प्रदूषक या पावडरीनं तोडून दाखवले. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातल्या सायनाइडवर ती वापरली.

हा पदार्थ काही दुर्मीळ नाही. भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, औषधाच्या गोळीचं पांढरं आवरण, सगळीकडे तो असतो. पश्चिमेला तोंड असलेल्या घराच्या जुन्या रंगावरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, त्यामागेही बऱ्याचदा हाच असतो. रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड ऊन खाऊन आपल्याच भोवतीचं बांधून ठेवणारं तेल किंवा रेझिन कुरतडतो आणि मोकळा होतो. रंग बनवणाऱ्या कंपन्या म्हणूनच त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर चढवतात, म्हणजे तो गप्प बसेल. आम्हाला तो गप्प नको असतो.

आत काय घडतं ते सांगते. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांनी भरलेला एक ऊर्जापट्टा असतो, त्याच्या वर एक रिकामा आणि मधे दरी. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की खालचा एखादा इलेक्ट्रॉन दरी ओलांडून वर जातो. खाली त्याची रिकामी जागा राहते, तिला पोरं होलच म्हणतात आणि मीही तेच म्हणते. वरचा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि सुपरऑक्साइड तयार होतो. खालचा होल पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्माला येतो. हा रॅडिकल समोर जे सेंद्रिय येईल त्यावर तुटून पडतो, मग तो पक्का रंग असो की कीटकनाशक. पाण्यात वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिडीकारकांमध्ये त्याच्याइतके जालीम फार थोडे. ही रसायनं विकत घेऊन पाण्यात ओतावी लागत नाहीत, जागच्या जागी उन्हात तयार होतात.

अडचणी दोन आहेत. पहिली दरीच्या रुंदीची. ॲनाटेज जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ही दरी ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची असते. ती ओलांडायला ३८८ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि तो आपल्या उन्हात चार-पाच टक्केच असतो. हजार वॅटांतले चाळीस-पन्नास. बाकीचं सोलापूरचं ऊन या पांढऱ्या पावडरीवरून नुसतं परावर्तित होऊन जातं. अरुंद दरीचे पदार्थ आहेत. कॅडमियम सल्फाइडची दरी २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सुंदर पिवळा रंग, दृश्य प्रकाशावर चालतो. पण उन्हात तयार झालेले होल त्याचं स्वतःचंच सल्फाइड जाळतात आणि कॅडमियम पाण्यात सुटतं. रंग घालवण्यासाठी पाण्यात कॅडमियम सोडायचं, हे मला कोणत्याही आकडेवारीनं पटणार नाही. झिंक ऑक्साइड स्वस्त आणि चपळ, पण ते आम्लात विरघळतं आणि तीव्र अल्कधर्मी पाण्यातही टिकत नाही.

दुसरी अडचण मला अधिक खोल वाटते. इलेक्ट्रॉन वर गेला, होल खाली राहिला. पण त्यांतले बहुतेक काही करायच्या आतच पुन्हा एकत्र येतात. नॅनोसेकंदांचा खेळ. प्रकाश आत गेला आणि थोडी उष्णता होऊन संपला. म्हणजे प्रकाश शोषून घेणं हे निम्मंसुद्धा काम नाही. वेगळे झालेले भार काही काळ वेगळे ठेवणं, हे खरं काम.

त्यासाठी धातू लागतो. अर्धवाहकाच्या कणावर प्लॅटिनम, सोनं किंवा चांदीचा ठिपका बसवला की इलेक्ट्रॉन त्या ठिपक्याकडे ओढला जातो, कारण त्याला तिथं कमी ऊर्जेवर राहता येतं. दोघांच्या सांध्यावर एक अडसर तयार होतो, वाल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. तो इलेक्ट्रॉनाला सहज परत येऊ देत नाही. होल मागे अर्धवाहकात राहतो आणि पाण्याशी आपलं काम करतो. सोनं आणि चांदी आणखी एक गोष्ट करतात. इतक्या बारीक कणांतले इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाच्या एका ठरावीक तरंगलांबीला एकदम झुलू लागतात. सोन्यासाठी ती लांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास, चांदीसाठी ४०० च्या जवळ. म्हणूनच सोन्याचं बारीक कणांचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली अशी द्रावणं करून त्यांच्या रंगाचं कारण कणांच्या बारीकपणात आहे असं मांडलं होतं. त्या झुलण्यातून काही तापलेले इलेक्ट्रॉन धातूतून अर्धवाहकात उडी घेऊ शकतात, म्हणजे वाया जाणाऱ्या दृश्य प्रकाशातलं थोडं कामाला येतं. थोडंच. काही शोधनिबंध वाचून हे सगळं फार सोपं आहे असं वाटतं, तसं ते नाही.

हा ठिपका बसवायची जी रीत आम्ही वापरतो ती मला या कामातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. बार्ड यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत क्रॉइटलर आणि बार्ड यांनी १९७८ च्या सुमारास प्लॅटिनमसाठी ती वापरली. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर पाण्यात ढवळत ठेवायची, त्यात थोडं मेथॅनॉल आणि हिशेबानं सिल्व्हर नायट्रेट घालायचं आणि दिवा लावायचा. प्रकाशानं इलेक्ट्रॉन वर येतात, चांदीच्या आयनांना मिळतात आणि चांदी धातू होऊन तिथंच बसते, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात नेमकं तिथं. होल मेथॅनॉलवर खर्ची पडतात. दुधासारखं पांढरं मिश्रण बघता बघता जांभळट आणि मग राखाडी-तपकिरी होतं. ज्या प्रकाशाकडून पुढे काम करून घ्यायचं, तोच आधी अवजार घडवून देतो. नवीन आलेली मुलगी पहिल्यांदा हे बघते तेव्हा मी मुद्दाम काही बोलत नाही, तिला बघू देते.

चांदी किती, हा मोठा प्रश्न. वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास बहुधा ठीक चालतं. फार घातली तर ठिपके मोठे होऊन पृष्ठभाग झाकतात, प्रकाश अडवतात आणि इलेक्ट्रॉन-होल पुन्हा भेटायची जागा चांदीच होऊन बसते. पावडर धुताना शेवटच्या धुण्यात मिठाचा थेंब टाकून बघायचा. पांढरा साका आला तर मोकळी चांदी अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवायचं. एवढं करून चांदी खरंच धातू म्हणून बसली आहे का, ते कळायला क्ष-किरणांचा आलेख काढायचा, तर तिथंही लपंडाव. चांदीची मुख्य रेघ ३८.१ अंशांवर येते आणि ॲनाटेजची एक रेघ ३७.८ वर. एक टक्का चांदी तिच्या आडोशाला बसते आणि दिसत नाही. मग नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी दुसऱ्या गावच्या मोठ्या केंद्रात पाठवायचा आणि वाट बघायची.

मूळ पावडर बनवतानाही इथली हवा मधे बोलते. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हा द्रव ओलाव्याचा कट्टर भुकेला. एप्रिलच्या दुपारी सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की बाटली उघडून पिपेट भरेपर्यंत तो काचेसारखा स्वच्छ राहतो. जुलैत झाकण काढलं की तोंडाशी पांढरी कड धरते आणि पिपेटचं टोक बुजतं. ओलावा कमी-जास्त झाला की कणांचा आकार बदलतो. म्हणून ॲसिटिक आम्ल घालून त्याचा वेग आधी बांधून घ्यायचा आणि मग पाणी थेंबाथेंबानं द्यायचं. तयार झालेली जेल वाळवून मफल फर्नेसमध्ये साडेचारशे अंशांवर भाजायची. ॲनाटेज तिथं नीट तयार होतं. सहाशे-सातशेच्या पुढे गेलं तर त्याचं रुटाइल व्हायला लागतं, कण वाढतात, चपळाई जाते. वहीत तापमानाशेजारी त्या दिवसाची हवेतली आर्द्रता लिहायची, हा आमच्याकडे नियम आहे आणि तो मी शिथिल करत नाही.

आता परीक्षेचा भाग, जिथं माझं मन सगळ्यात जास्त अडतं.

या क्षेत्रात नवा पदार्थ बनवला की त्याची परीक्षा बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर घेतली जाते. रंग स्वस्त, मापायला सोपा. ६६४ नॅनोमीटरला त्याचं शिखर दिसतं, ते उतरत गेलं की आलेख तयार. बीकरमध्ये निळं पाणी, त्यात चिमूटभर पावडर. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, कारण कणांच्या अंगाला चिकटूनही रंग कमी होतो आणि ते काही प्रकाशाचं काम नव्हे. मग उन्हात. मार्च-एप्रिलच्या दुपारी आमच्या गच्चीवर ते पाणी बघता बघता फिकं होतं आणि शेवटी स्वच्छ दिसतं. शाळेतली मुलं भेट द्यायला आली की टाळ्या वाजवतात.

पण निळा रंग जायची कारणं अनेक आहेत. मिथिलीन ब्लू स्वतःच लाल प्रकाश शोषतो. तो स्वतःचा इलेक्ट्रॉन अर्धवाहकाला देऊन बिघडू शकतो. मग श्रेय तुमच्या चांदीचं नाही, रंगाचंच आहे. त्याच्या रेणूवरचे मिथाइल गट एकेक करून गळतात आणि शिखर डावीकडे सरकतं, तेव्हा ६६४ वर आकडा घसरतो, पण रेणूचा सांगाडा शाबूत असतो. आणि ऑक्सिजन कमी असेल तर मिथिलीन ब्लूचं क्षपण होऊन त्याचं बिनरंगी रूप तयार होतं. बाटली हलवून हवा आत घेतली की निळा परत हजर. अकरावीच्या मुलांना ग्लुकोज आणि अल्कली घालून हीच गंमत प्रात्यक्षिकात दाखवतात. म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही शुद्धी म्हणून छापतो, ती वर्गात जादू म्हणून दाखवली जाते.

रंग हा रेणूच्या एका भागाचा गुण आहे. ॲझो रंगांत दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तुटला की रंग संपला. रेणूचे दोन तुकडे मात्र पाण्यात आहेतच आणि ते पुष्कळदा ॲरोमॅटिक अमाइन असतात. त्यांतली काही माणसाला घातक आहेत, म्हणून जर्मनीनं १९९४ मध्ये अशी अमाइन सोडणारे ॲझो रंग कपड्यांत वापरायला बंदी घातली आणि भारतानंही त्याच दशकात तशी पावलं उचलली. सोलापुरातून टॉवेल बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्रांमुळे पाठ आहे. रंगीत पाण्याला निदान लोक हात लावत नाहीत. बिनरंगी पाणी कुणालाही स्वच्छ वाटतं. म्हणून रंग घालवून थांबणारा उत्प्रेरक मला धोक्याचा वाटतो आणि हे मी परिषदांमध्येही बोलते.

थांबायचं नाही तर काय करायचं? सेंद्रिय कार्बनचा शेवटपर्यंत पाठलाग करायचा. डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळून सीओडी, म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा, काढायचा. शक्य असेल तिथं एकूण सेंद्रिय कार्बन मापून घ्यायचा. मिथिलीन ब्लूच्या रेणूत गंधकाचा एक अणू असतो. रेणू खरोखर पूर्ण मोडला असेल तर तो सल्फेट होऊन पाण्यात आला पाहिजे आणि बेरियम क्लोराइडनं ते पाणी गढूळ झालं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातली ही साधी परीक्षा. महागड्या यंत्राचा आलेख हातात घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला मी ती करायला लावते. गढूळपणा आला नाही तर गंधक अजून कुठल्या तरी तुकड्यात अडकलेलं आहे. आलेख किती का देखणा असेना.

महाराष्ट्रात हे काम गांभीर्यानं झालेलं आहे. पुण्याच्या सी-मेट या संशोधन संस्थेतल्या भारत काळे यांनी कोरियन सहकाऱ्यांसोबत २००६ साली कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या नॅनोनळ्या आणि झेंडूच्या फुलासारख्या रचना प्रसिद्ध केल्या. दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइड फोडून हायड्रोजन मिळवण्यासाठी. तेलशुद्धीकरणातल्या त्या विषारी वायूचा उपयोग करून घ्यायची ही दिशा. मुंबईच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेतल्या पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांचा सांडपाण्याच्या ऑक्सिडीकरण पद्धतींवरचा २००४ चा आढावा मी आजही नव्या मुलांना आधी वाचायला देते. प्रकाश-उत्प्रेरण कारखान्याच्या प्रमाणावर का अडतं, हे त्यात अभियंत्याच्या नजरेनं मांडलेलं आहे. आणि धातूचा ठिपका नेमक्या जागी बसवण्याची कमाल बघायची असेल तर जपानकडे पुन्हा वळावं लागतं. काझुनारी दोमेन यांच्या गटानं २०२० मध्ये स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या स्फटिकाच्या ज्या बाजूंना इलेक्ट्रॉन जमतात तिथं ऱ्होडियम आणि ज्या बाजूंना होल जमतात तिथं कोबाल्ट, तेही प्रकाशाच्याच मदतीनं, बसवलं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात शोषलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला, ९६ टक्क्यांपर्यंत. पुढच्या वर्षी त्यांनी एकूण १०० चौरस मीटरचे पॅनेल उघड्यावर मांडून हायड्रोजन काढून दाखवला. तेव्हा सूर्याच्या एकूण ऊर्जेतली फार तर ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली, कारण पदार्थ अतिनील प्रकाशावरच चालतो. हे दोन्ही आकडे मी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते. भार वेगळे ठेवायची विद्या माणसाला जवळजवळ साधली आहे. उन्हाचा दृश्य भाग वापरायची अजून नाही.

आमचं काम याच्या मानानं लहान आहे, पण त्याला गावाचा पत्ता आहे. आसरा चौकातून होटगी रोड ओलांडून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या डाईंगवाल्याकडून मी पाणी आणते. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आजोबांपासून रंगाचा धंदा. मालक साठीचे आहेत, पाण्यात हात न घालता सोडा किती पडलाय ते सांगतात. त्यांच्याकडचं रंगाच्या बाथमधलं पाणी प्रयोगशाळेतल्या पाण्यासारखं अजिबात नसतं. गरम, दाट, पीएच दहाच्या वर, लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ. त्या दाट पाण्यात प्रकाश काही मिलीमीटरच्या खाली पोचतच नाही. जे थोडे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात त्यांना सोड्यातलं कार्बोनेट आणि मिठातलं क्लोराइड आधी गाठतं. शिवाय क्लोराइडच्या पाण्यात चांदी चांदी राहत नाही, तिच्या अंगावर सिल्व्हर क्लोराइड चढतं. ऊर्ध्वपातित पाण्यात चांगलं गाजलेलं पदार्थाचं नाव इथं खाली बसतं.

एकदा त्यांना उन्हात ठेवून आणलेली बाटली दाखवली. पाणी जवळजवळ बिनरंगी झालं होतं. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली आणि विचारलं, "रंग गेला ओ मॅडम. सीओडी किती आला?"

निम्म्याहून जास्त शिल्लक होता, तो आकडा मी सांगितला. ते हसले नाहीत. प्रदूषण मंडळाची लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा त्यांना तोंडपाठ आहे; सीओडी त्यांच्यासाठी पुस्तकातला शब्द नाही, महिन्याचा खर्च आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तुम्ही सगळ्यात घाण पाणी कशाला नेता? बाथचं पाणी म्हणजे नुसतं मीठ. चौथ्या धुण्याचं न्या की. त्यात मीठ गेलेलं असतं, सोडा गेलेला असतो, रंग नावाला. ते साफ झालं तर मी परत पहिल्या धुण्याला घेतो. टँकर वाचला तर मला तेवढं पुरे आहे."

उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात या बोलण्याची किंमत काय, ते वेगळं सांगायला नको. शास्त्राच्या अंगानंही ते तंतोतंत खरं आहे. प्रकाश-उत्प्रेरण हे दाट, खारट पाण्यावर पहिला घाव घालायचं हत्यार नाही. ते काम गाळ बसवणाऱ्या रसायनांचं, जिवाणूंच्या टाक्यांचं. फिक्या, कमी मिठाच्या, उजेड आरपार जाऊ देणाऱ्या पाण्यात मात्र हे रॅडिकल सेंद्रिय रेणूंपर्यंत पोचतात. आमच्या शाखेतल्या कित्येक शोधनिबंधांत 'वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी' असा शब्दप्रयोग पहिल्या ओळीत येतो आणि पाणी मात्र प्रयोगशाळेतल्या मिथिलीन ब्लूचं असतं. कुठल्या टप्प्यावरचं सांडपाणी, हा प्रश्न त्या रंगाऱ्यानं विचारला.

त्यानंतर आमची मांडणी बदलली. पावडर पाण्यात ढवळायची नाही, कारण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण साध्या गाळणकागदातून निघून जातात आणि ते परत मिळवताना सगळा फायदा संपतो. कण काचेवर बसवायचे. शहाबादी फरशीवर थर द्यावा, स्वस्त पडेल, अशी सूचना एका विद्यार्थ्यानं केली होती. पण ती चुनखडी, आमचं आम्लधर्मी द्रावण तिच्यावर फसफसतं. म्हणून खिडकीच्या जुन्या काचा घासून, थर चढवून, भाजून घेतल्या आहेत. त्यांवर चांदी उन्हातच बसवली. काचा थोड्या उतारावर मांडायच्या, वरून चौथ्या धुण्याचं पाणी पातळ पापुद्र्यानं सोडायचं, खाली टबात जमलं की छोट्या पंपानं पुन्हा वर. थर पाण्याबरोबर सुटतो का, चिकटपणा किती दिवस टिकतो, शेवाळ धरतं का, हे प्रश्न शोधनिबंधात क्वचित येतात. गच्चीवर पहिल्याच आठवड्यात येतात.

प्रबंध लिहिणाऱ्या मुलीच्या तक्त्यात मी रंगाचा रकाना शेवटी टाकायला लावला आहे. आधी सीओडी, मग सल्फेट, मग पाण्यात सुटलेली चांदी. चांदी तिथं असलीच पाहिजे, कारण ती जिवाणूंना मारते आणि उद्या हे पाणी पुढच्या जैविक टाकीत गेलं तर तिथल्या कामकऱ्यांचाच घात होईल. तिला हा क्रम सुरुवातीला रुचला नाही. रंगाचा आलेख सगळ्यात गुळगुळीत येतो आणि परीक्षकांना तोच आवडतो, असं तिचं म्हणणं. आता ती स्वतः डाईंगवाल्यांना फोन करून विचारते, आज काळा होता की मरून, धुणी किती झाली.

येत्या फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं की काचांवरून आलेलं पाणी त्या डाईंगवाल्या मालकांकडे परत न्यायचं ठरलं आहे. एका टबात नेहमीचं पाणी, दुसऱ्यात आमचं, दोन्हींत एकाच रंगाच्या लड्या पहिल्या धुण्याला घालायच्या. रंग फिका गुलाबी घ्यायचा असं मालकांनी सांगितलं. गडद रंगावर पाण्याचा दोष कळत नाही म्हणाले. लड्या वाळल्यावर शेड जुळते का ते बघतील. मी दोन्ही टबांतलं पाणी बाटल्यांत भरून घेईन आणि त्याच संध्याकाळी डायक्रोमेट लावीन.